ताट आकसू देऊ नकोस

सूनबाई, तुझे सासू-सासरे, म्हणजे माझी आक्का आणि भावोजी, आता कायमचे रेवदंड्याला राहणार आणि तू त्यांच्यापाशी राहून मुंबईचं काम घरातूनच करणार, हे तुझ्या नवऱ्यानं, बाबूनं, फोनवर सांगितलं तेव्हा जिवाला बरं वाटलं. म्हातारी माणसं आपल्या ओटीवर, आपल्या वाडीच्या सावलीत निम्मी बरी होतात. उरलेल्या निम्म्याचं आपल्याला बघावं लागतं, आणि त्यात सगळ्यांत आधी पोट. सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून हयात घालवली, घरच्या म्हाताऱ्यांचंही सगळं या हातांनी केलं. त्यातून जे कळलं ते तुझ्या कानावर घालते.

गेल्या महिन्यात मी येऊन गेले तेव्हा आक्काचं खाणं नीट बघून घेतलं होतं. सकाळी चहात बुडवून दोन बटर, दुपारी दूध घालून मऊभात, चार वाजता पुन्हा चहा आणि बिस्किटं, रात्री पेज. भाजी नाही, डाळ नावाला, मासळी बंद. का, तर दात नाहीत, चावत नाही, काट्याची भीती, वालानं वायू धरतो. तू प्रेमानंच एकेक पदार्थ बाजूला काढत गेलीस, हे मला ठाऊक आहे. सगळ्याच घरांत असं होतं. आधी भाकरी जाते, मग उसळ जाते, मग पालेभाजी जाते, आणि एक दिवस ताटात नुसता पांढरा रंग उरतो. मग भूक मरते, पोट गच्च होतं, अंगातली ताकद जाते आणि आपण म्हणतो, वय झालं.

माझा पहिला कानमंत्र एवढाच: पदार्थ कमी करू नकोस, त्याचा पोत बदल. जे चावत नाही ते किसून, वाटून, घोटून, शिजवून दे, पण दे. घास लहान असू दे, चार चमचेच खाऊ देत, पण ताटात पाच-सहा जिन्नस दिसले पाहिजेत.

यामागचं कारणही सांगते, म्हणजे तुला पटेल. आपल्या आतड्यांत कोट्यवधी जिवाणू राहतात. आपल्याला न पचणारा चोथा, म्हणजे भाज्यांचा, धान्यांच्या कोंड्याचा, उसळींचा भाग ते खातात आणि त्यातून जी आम्लं तयार करतात त्यांच्यावर आतड्याचं अस्तर पोसलं जातं. वेगवेगळ्या जिवाणूंना वेगवेगळा चोथा लागतो. ताट एकसुरी झालं की त्यांच्यातले कितीतरी उपाशी राहून नाहीसे होतात. आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातल्या संशोधकांनी १७८ वृद्धांचा अभ्यास करून २०१२ साली तो प्रसिद्ध केला. आपापल्या घरी राहून नाना तऱ्हेचं खाणाऱ्या वृद्धांच्या पोटात जिवाणूंची विविधता जास्त होती. दीर्घकाळ शुश्रूषागृहात राहून ठरावीक जेवण जेवणाऱ्यांमध्ये ती कमी होती, आणि ज्यांची विविधता कमी ते जास्त अशक्त होते. कोणामुळे कोण, याचा उलगडा एका अभ्यासानं होत नाही. अशक्त माणूस खातोही कमी. पण घरात राहूनही आपण माणसाला शुश्रूषागृहाचं जेवण देऊ लागलो तर त्यात घराचा काय फायदा राहिला?

त्याच वर्षी आपल्या पुण्यातल्या संशोधकांनीही एक छोटा पण आपल्या घरांशी नातं सांगणारा अभ्यास छापला. एकाच छपराखाली तीन पिढ्या राहतात अशी दोन एकत्र कुटुंबं त्यांनी घेतली आणि आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांच्या पोटातले जिवाणू तपासले. घर एक, चूल एक, तरी वयाप्रमाणे जिवाणूंचं प्रमाण बदललेलं होतं, आणि बदलाची तऱ्हा पाश्चात्त्य देशांत दिसते तशी नव्हती. तेव्हा बाबूला जे पचतं ते आक्काला तसंच्या तसं पचेल असं धरून चालू नकोस, आणि परदेशातल्या पुस्तकातला आहारतक्ताही तिला लावू नकोस. तिच्या पोटाला जन्मभर जे ओळखीचं आहे त्यातूनच निवड.

आणि आपल्या किनाऱ्यावर निवडायला काय कमी आहे? तू ऋषीची भाजी करतेस ना? ऋषिपंचमीला आपण अळू, लाल माठ, भेंडी, पडवळ, शिराळं, भोपळा, सुरण, मक्याचं कणीस, हिरवी चिंच, सगळं एकत्र शिजवतो. तेलाची फोडणी नाही, मसाला नाही, वर ओलं खोबरं. मला विचारशील तर म्हाताऱ्या माणसासाठी याहून चांगला पदार्थ आपल्या स्वयंपाकात नाही. आठ-नऊ भाज्या आहेत आणि एकही चावावी लागत नाही. मग ती वर्षातून एकदाच का? आठवड्यातून दोनदा घरात असतील त्या चार-पाच भाज्या तशाच शिजव. दुधी, लाल भोपळा, शेवग्याच्या शेंगेचा गर चमच्यानं काढून, मूठभर माठ, एखादं कच्चं केळं. अळू आणि सुरण घेशील तेव्हा चिंच किंवा आमसूल विसरू नकोस, नाहीतर घसा खाजतो. कणसाचे दाणे मात्र आक्कासाठी वाटून घे. रवीनं दोनदा फिरव, पण पार पातळ करू नकोस. घशाखाली सरकेल इतपत दाट ठेव. भावोजींना अजून दाढा आहेत, त्यांच्यासाठी फोडी राहू देत. चावण्याची सवय उगाच मोडू नये.

वालाचं सांगते. रायगडातल्या म्हातारीला वाल सोड म्हणणं म्हणजे तिला अर्धं जेवण सोडायला लावणं. वायू धरतो तो वालातल्या काही साखरांमुळे. त्या आपल्याला पचत नाहीत, मोठ्या आतड्यात गेल्यावर जिवाणू त्या आंबवतात आणि वायू होतो. आपल्या आज्यांनी यावर उपाय केलेलाच आहे, आपण घाई करतो म्हणून तो चुकतो. रात्रभर वाल भिजव, ते पाणी फेकून दे. फडक्यात घट्ट बांधून मोड येऊ दे. मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून साल काढ. भिजवण्यानं त्या साखरा पाण्यात उतरतात, मोड येताना आणखी कमी होतात आणि साल गेली की वातडपणा जातो. बिरडं शिजलं की अर्धे दाणे डावाच्या पाठीनं मोड. हिंग घाल, आमसूल घाल. पहिल्या दिवशी आक्काला दोनच चमचे वाढ, चार दिवसांनी अर्धी वाटी. कित्येक महिने बंद असलेला पदार्थ एकदम वाटीभर दिलास तर पोट दुखणारच, आणि मग वालावर कायमची फुली. मडक्यात शेंगा भाजायच्या पोपटीच्या दिवसांतही तसंच, शेंगेतले कोवळे दाणे सोलून दे.

सकाळच्या चहा-बटरच्या जागी नाचणीची आंबील आण. दोन-तीन चमचे नाचणीचं पीठ पातळ ताकात रात्री कालवून ठेव, सकाळी पाणी आणि मीठ घालून मंद आचेवर ढवळत राहा. पीठ तळाशी धरू लागतं, मग हळूहळू रंग गडद होतो, डावावर चकाकी येते आणि कच्चा वास जातो, तेव्हा उतरव. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळापेक्षा चोथाही कितीतरी जास्त, आणि आंबवल्यानं त्यातली खनिजं अंगाला अधिक लागतात. आक्काला पाणी पिताना ठसका लागतो असं तू म्हणालीस. अशा माणसाला पातळ पाण्यापेक्षा दाटसर आंबील गिळायला सोपी जाते. पण ठसका वारंवार लागत असेल, जेवल्यावर आवाज ओला-घोगरा होत असेल, तर ते डॉक्टरांच्या कानावर घाल. अन्न श्वासनलिकेत उतरत असेल तर न्यूमोनिया होतो. खाताना ताठ बसव, खाऊन झाल्यावर अर्धा तास आडवं होऊ देऊ नकोस. बिछान्यात टेकवून घाईनं भरवणं हे मी दवाखान्यात फार पाहिलं, आणि त्याचे परिणामही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी अलिबागजवळच्या कार्ले-खंडाळ्याचा पांढरा कांदा येतो, त्याच्या दोन माळा घेऊन टांगून ठेव. कांद्यात जो तंतुमय भाग असतो तो चांगल्या जिवाणूंचं आवडतं अन्न आहे, आणि आपला हा कांदा गोडसर, कमी उग्र. कच्चा सोसत नसेल तर परतून किंवा आमटीत पूर्ण शिजवून दे.

मासळी बंद ठेवू नकोस. ताजे ओले बोंबील घे, मधला काटा काढ, हळद-आमसुलाच्या पातळ आंबटात शिजव. दात नसलेल्या माणसालाही तो खाता येतो. सुरमईचा मोठा काटा ओळखून काढता येतो. मांदेली, बोय यांच्या बारीक काट्यांच्या वाटेला मात्र जाऊ नकोस. तिसऱ्या दिल्यास तर पुरत्या शिजलेल्याच, अर्धवट शिजलेलं शिंपलं म्हाताऱ्या पोटाला फार जड जातं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, तेव्हा घरोघर सुकट, जवळा, सुके बोंबील निघतात. भावोजींना रक्तदाब आहे, म्हणून सुकी मासळी गरम पाण्यात दोनदा धुऊन मीठ उतरवून घे आणि वरून मीठ घालू नकोस. त्या दोन महिन्यांत टाकळा, कुर्डू, भारंगी या रानभाज्या बाजारात येतात. ओळखीच्या बाईकडूनच घे, कोवळा पाला निवड, आधी उकळून पाणी काढून मग कर. टाकळ्यानं पोट सैल राहतं हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

दह्याबद्दल एक सांगायचं राहिलं. दूध प्यायल्यावर आक्काचं पोट गुडगुडतं. वय वाढलं की दुधातली साखर पचवण्याची शक्ती पुष्कळांची कमी होते. दह्यात ती साखर विरजणातल्या जिवाणूंनी बरीचशी संपवलेली असते, म्हणून तेच दूध दही होऊन चालतं. दह्यातल्या जिवाणूंनी म्हातारपण लांबतं असं रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ शंभर वर्षांपूर्वी सांगत होते. त्यांना १९०८ साली नोबेल मिळालं ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी, दह्यासाठी नव्हे, आणि दह्यानं आयुष्य वाढतं असं मीही म्हणणार नाही. पण घरचं, त्याच दिवसाचं, फार आंबट न झालेलं ताक दुपारच्या जेवणात असावं. महागड्या जिवाणूंच्या कॅप्सूलपेक्षा आधी ते कर.

आता पाणी. म्हातारपणी तहान लागणंच कमी होतं. शरीराला पाणी हवं असतं आणि माणूस म्हणतो, मला तहान नाही. त्यातून रात्री उठावं लागेल या धास्तीनं आक्का संध्याकाळपासून घोटसुद्धा घेत नाही. तिला दोष देऊ नकोस. जन्मभर परसाकडला कंदील घेऊन वाडीच्या टोकाला जावं लागलेली बाई आहे ती. सकाळी एक लिटरचा तांब्या भरून तिच्या हाताशी ठेव आणि संध्याकाळी सहाच्या आत तो संपेल असं बघ. आंबील, ताक, सार, चहा हे त्याशिवाय. भावोजींच्या हृदयासाठी किंवा मूत्रपिंडासाठी डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं असेल तर मात्र माझं ऐकू नकोस, त्यांचं ऐक. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ होतं. ग्रामपंचायत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकते, तरी या दोघांसाठी पाणी खळखळून उकळूनच घे.

यापुढचं नीट वाच, कारण याबद्दल घरात कोणी बोलत नाही.

पोट साफ होण्याची एक वेळ असते. काही खाल्लं-प्यायलं की मोठं आतडं आपोआप हलू लागतं, आणि सकाळच्या पहिल्या खाण्यानंतर ते सगळ्यांत जोरात हलतं. म्हणून आंबील झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत आक्काला शौचाला बसव, संवेदना असो वा नसो. दहा मिनिटं पुरेत. रोज तीच वेळ. कुंथायला लावू नकोस, जोर करताना म्हाताऱ्या माणसाला भोवळ येते, हृदयाच्या रुग्णाला त्यातून धोकाही असतो. कमोडवर बसल्यावर पायांखाली वीतभर उंचीचा पाट ठेव, गुडघे कमरेच्या वर येतात, अंग थोडं पुढे झुकतं आणि मल उतरायला वाट सरळ होते. मात्र खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला असं बसवायचं की नाही ते आधी सर्जनना विचारावं लागतं. भिंतीला धरायला दांडी बसवून घे, आतली कडी काढून टाक, रात्री त्या वाटेवर दिवा जळता ठेव.

भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज खूण कर. झालं तर बरोबर, नाही झालं तर शून्य, पातळ झालं तर दोन रेघा. मनातला हिशेब चुकतो. आक्का विचारलं की नेहमी "झालं" म्हणते, कारण तिला सुनेसमोर हे बोलायची लाज वाटते. ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी १९९७ साली मलाचे सात प्रकार ठरवून दिले, पण तुला तीनच ओळखता आले तरी पुरे: शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे खडे, नीट बांधलेला मऊ मल आणि पाणी. मधला हवा. रोज झालंच पाहिजे असं नाही, एक दिवसाआड मऊ होत असेल आणि पोट हलकं वाटत असेल तर ठीक. तीन दिवस कोरडे गेले तर मात्र काहीतरी करायलाच हवं.

आणि फसवणारा प्रकार असा. पाच-सहा दिवस पोट साफ नाही आणि मग अचानक पातळ होऊ लागतं. दिवसातून अनेकदा, थोडं थोडं, कपड्यांना लागतं, माणसाला कळतही नाही. घरचे म्हणतात जुलाब सुरू झाले, आणि जुलाब थांबवायची गोळी देतात. खरं तर आत गुदाशयात मलाचा टणक खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेकडेनं वरचं पातळ पाणी झिरपत असतं. गोळीनं आतडं आणखी थंडावतं आणि खडा पक्का होतो. असे आजोबा माझ्यासमोर कितीदा आले. पोट नगाऱ्यासारखं, लघवी तुंबलेली, दोन दिवस खाणं बंद, आणि रात्रीतून असंबद्ध बोलू लागलेले. घरच्यांना वाटायचं मेंदूचं काहीतरी झालं. खडा काढला, लघवी मोकळी झाली, की दुसऱ्या दिवशी तेच आजोबा मुलाला नावानं हाक मारायचे. म्हणून भावोजी एकाएकी भ्रमिष्टासारखं बोलू लागले तर डॉक्टरांना फोन करताना पहिल्याच वाक्यात सांग की पोट कधी साफ झालं आणि लघवी कधी झाली. वृद्धांत असा अचानक आलेला भ्रम तापानं, मूत्रमार्गाच्या संसर्गानं, औषधांनी, पाणी कमी पडल्यानं आणि बद्धकोष्ठानंही येतो, आणि कारण सापडलं तर बहुतेक वेळा उतरतो. एनिमा घरी स्वतःच्या मनानं देऊ नकोस, आधी डॉक्टर किंवा नर्सकडून बोटानं तपासणी होऊ दे.

खडा होऊच नये म्हणून काय? चोथा आणि पाणी हे झालं. त्यातलं एक वाढवून दुसरं विसरलीस तर उलटं होतं, कोरडा चोथा आत जाऊन बसतो. इसबगोल भरपूर पाण्यात ढवळून लगेच प्यायचा असतो. जो माणूस पाणीच पीत नाही, अंथरुणाला खिळला आहे किंवा ज्याला गिळायला त्रास होतो, त्याला तो देऊच नये, घशात किंवा आतड्यात गोळा होऊन अडकतो. जुन्या घरांत महिन्याला एरंडेल द्यायचे. तरण्या माणसाला ते सोसत असेल, ऐंशी वर्षांच्या देहाला त्यानं मुरडा येतो आणि अंगातलं पाणी जातं. बाजारातल्या पुष्कळशा चूर्णांत सोनामुखी असते. डॉक्टरांनी किंवा वैद्यांनी सांगितली तर त्यांनी सांगितलेले दिवस घ्यावी, पण महिनोन्‌महिने आपल्या मनानं नाही. मल मऊ करणारी सौम्य औषधं डॉक्टर देतात आणि ती वर्षभर घ्यावी लागली तरी त्यात कमीपणा नाही. आणि चालणं. वाडीत सुपारीच्या झाडांखालून दोन फेऱ्या, नाहीतर ओटीवर धरून धरून चार येरझाऱ्या. पाय हलले की आतडंही हलतं.

औषधांचा डबा एकदा टेबलावर पालथा कर. लोहाच्या गोळीनं मल काळा होतो आणि घट्टही होतो. कॅल्शियमच्या गोळीनं, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, गुडघेदुखीसाठी दिलेल्या ट्रामाडॉलसारख्या औषधानं, ॲलर्जीच्या आणि लघवी रोखण्याच्या काही गोळ्यांनीही पोट अडतं. उलट मधुमेहाच्या मेटफॉर्मिननं काहींना पातळ होतं. आक्का उपाशीपोटी जी ॲसिडिटीची गोळी घेते ती कोणी, कशासाठी आणि किती दिवसांसाठी दिली होती, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. अशी गोळी वर्षानुवर्षं चालली तर बी-१२ जीवनसत्त्व अंगात कमी मुरतं, मेटफॉर्मिननंही तसंच होतं, आणि आतड्यातल्या जिवाणूंचं गणितही बदलतं. एकदम बंद करू नकोस, एकदम बंद केली तर जळजळ दुपटीनं उसळते. पण पुढच्या भेटीला सगळा डबा घेऊन जा आणि एकेक गोळी दाखवून विचार, ही अजून लागते का? बी-१२ची तपासणीही सांगून करून घे. प्रतिजैविकाचा कोर्स झाल्यावर पुढच्या काही आठवड्यांत पातळ जुलाब लागले तर ते साधे समजू नकोस, औषध घेतल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांग.

खरे जुलाब लागले तर पहिली गोष्ट ओआरएस. मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, सगळंच्या सगळं. अर्धं पाकीट पेल्यात टाकून चव घेत प्यायचं ते औषध नव्हे. चमच्या-चमच्यानं, दिवसभर, आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी ओतून टाक. सोबत मऊभात, ताक, केळं चालू ठेव, उपाशी ठेवू नकोस. भावोजी लघवी जास्त करणारी रक्तदाबाची गोळी आणि मधुमेहाची गोळी घेतात, जुलाब-उलट्यांच्या दिवसांत त्या तशाच चालू ठेवायच्या की थांबवायच्या हे त्याच दिवशी फोन करून विचार. अंगातलं पाणी गेलेलं असताना त्या गोळ्या मूत्रपिंडावर येतात. रक्त पडत असेल किंवा ताप असेल तर जुलाब थांबवायची गोळी घरातल्या डब्यातून काढूच नकोस.

दोन सवयी सांगते, त्यावर कदाचित भांडण होईल. आक्काची एकादशी आणि चातुर्मासातले उपवास सोडायला सांगू नकोस, त्यात तिचा जीव आहे. पण साबुदाण्यात चोथा जवळजवळ नाहीच, दुसऱ्या दिवशी हमखास पोट अडतं. उपासाला वरीचे तांदूळ, राजगिरा, उकडलेलं रताळं, केळं, पपई दे. आणि भावोजींची सुपारी. आपल्या श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचा मला अभिमान आहे, वाडीवाल्यांचं पोट त्यावर आहे. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ साली सुपारी कर्करोगकारक ठरवली आहे, नुसती, तंबाखू नसतानाही. त्यांच्या तोंडात पांढरा चट्टा, न भरणारी जखम किंवा तोंड उघडायला आखडल्यासारखं दिसतं का, हे महिन्यातून एकदा उजेडात बघ. सुपारीच्या जागी जेवणानंतर बडीशेप-ओवा भाजून ठेव. एका दिवसात सुटणार नाही, पण डबी तुझ्या हातात आली तरी निम्मं काम झालं.

भावोजींचं सगळं तू एकटीनं करायचं नाहीस. हे मी बाबूलाही सांगितलंय, तुझ्यासमोर परत सांगेन. सासऱ्यांना शौचाला बसवणं, धुणं, कपडे बदलणं हे लेकाचं काम आहे. आयुष्यभर सुनेसमोर डोक्यावरची टोपी न काढलेला माणूस तो. तुला त्रास नको म्हणून तो पाणी पीत नाही, खात नाही आणि पोट अडवून बसतो. लाजेनं झालेलं बद्धकोष्ठ कुठल्याच चूर्णानं सुटत नाही. बाबू सकाळी मांडव्याला बोटीवर जाण्याआधी अर्धा तास त्यांना देईल, तसं ठरवा. आणि विचारायचं ते पाहुण्यांदेखत नाही, हळू, जवळ बसून. कपडे खराब झाले तर तोंडातून "अरे देवा" निघता कामा नये. पुसून, धुऊन, कातडी कोरडी करून खोबरेल लाव आणि दुसऱ्या विषयावर बोल.

डॉक्टरांकडे जायला थांबायचं नाही अशी लक्षणं सांगते, कागदावर लिहून कालनिर्णयच्या मागच्या पानाला चिकटव. मलात रक्त, किंवा लोहाची गोळी चालू नसताना डांबरासारखा काळा, चिकट, घाण वासाचा मल. पोट फुगलंय आणि मल नाही, वायूही सरत नाही, वर उलट्या. न प्रयत्न करता वजन उतरतंय, कपडे सैल होताहेत. वर्षानुवर्षं जी सवय होती ती अचानक बदलून दोन-तीन आठवडे तशीच राहिली. गिळताना घास अडतोय. जुलाबात लघवी दिवसभरात झालीच नाही, जीभ कोरडी पडली, ओढून ओढून उठवावं लागतंय. यातलं काहीही दिसलं तर सकाळपर्यंत वाट बघू नकोस.

पावसाळ्यात गेटवे ते मांडवा लाँच बंद असतात आणि रो-रो बोट सुटेल की नाही ते त्या दिवसाच्या समुद्रावर, म्हणून मुंबईच्या डॉक्टरांवर भिस्त ठेवू नकोस. मे महिन्यातच अलिबागला एक फिजिशियन ठरव, दोघांना एकदा नेऊन दाखव, गोळ्यांची यादी आणि जुने रिपोर्ट त्यांच्याकडे राहू देत. जिल्हा रुग्णालयाचा आणि १०८ चा नंबर फोनच्या शेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरात लिही, आक्कालाही चष्म्याशिवाय दिसेल एवढा. ओआरएसची चार पाकिटं, थर्मामीटर आणि रक्तदाबाचं यंत्र एकाच डब्यात ठेव, आणि तो डबा कुठे आहे हे शेजारच्या वहिनींना दाखवून ठेव, तू मीटिंगमध्ये असशील तेव्हा त्याच आधी धावतील.